विंदालू, सरपतेल आणि बाफाद : कोकणपट्टीतील वराहमांसाच्या कालवणांची नावे व त्यांचा इतिहास

१

इतिहासाच्या साधनांची चर्चा करताना शिलालेख, ताम्रपट, बखरी, दप्तरे आणि परकीय प्रवाशांची वृत्ते यांचा उल्लेख होतो. चुलीचा होत नाही. त्याचे कारण उघड आहे. चूल लेख ठेवीत नाही. जे शिजते ते चार दिवसांत संपते आणि ज्या हातांनी ते शिजवले त्या हातांची नोंद दप्तरात होत नाही. तथापि स्वयंपाकघर एक साधन मागे ठेवून जाते. ते म्हणजे पदार्थांची नावे. पाककृती पिढीगणिक बदलते. नाव मात्र पुष्कळदा जुनेच राहते, आणि बदलले तरी भाषेच्या नियमांनी बदलते. म्हणून ज्या ठिकाणी लिखित पुरावा मुका होतो, त्या ठिकाणी नावाची साक्ष काढता येते.

गोवा, वसई-साष्टी आणि मंगळूर या पश्चिम किनाऱ्यावरील तीन प्रदेशांत ख्रिस्ती कुटुंबांच्या घरी डुकराच्या मांसाची दाट, आंबट-तिखट कालवणे पिढ्यानपिढ्या होत आली आहेत. विंदालू, सरपतेल आणि बाफाद ही त्यांतील प्रमुख होत. तिन्ही नावे पोर्तुगीज मूळाची आहेत. एवढ्या आधारावर या कालवणांविषयी दोन मते मांडली जातात. एका मताप्रमाणे ही कालवणे धर्मांतराबरोबर लादली गेलेली परकीय वस्तू होत; दुसऱ्या मताप्रमाणे ती पोर्तुगालकडून लाभलेला वारसा होत. दोन्ही मतांचा सूर परस्परविरोधी असला, तरी दोहोंत एक गृहीत समान आहे : नाव परके, म्हणून वस्तूही परकी. हे गृहीत कितपत टिकते याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की दख्खनला वराहमांस पोर्तुगीजांनी शिकवले नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ इ. स. ११३० च्या सुमाराचा आहे. मराठी पद्याचे अगदी जुने नमुने त्यात आढळतात म्हणून मराठीच्या अभ्यासकांस तो परिचितच आहे. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात डुकराचे केस गरम पाण्याने किंवा गवताच्या जाळाने कसे काढावेत, मांस कसे भाजावे व त्याचे तुकडे कसे करावेत याचे वर्णन येते. हे राजाच्या भोजनातील पक्वान्न आहे, हीनांचे अन्न नव्हे. पुढील शतकांत उच्च मानल्या गेलेल्या जातींच्या आणि मुसलमानांच्या आहारातून हे मांस वर्ज्य राहिले. तरी ते देशात अज्ञात होते असे म्हणता येत नाही.

१५१० साली आफोन्सो द आल्बुकर्क याने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा जिंकून घेतला. आपल्या माणसांनी स्थानिक स्त्रियांशी विवाह करून तेथेच स्थायिक व्हावे, असे त्याचे धोरण होते. या विवाहित पोर्तुगीजांस ‘काझादो’ म्हणत. या धोरणाच्या राजकीय बाजूची चर्चा पुष्कळ झाली आहे. पाकशास्त्राच्या दृष्टीने त्याचा अर्थ साधा आहे. घरधनी पोर्तुगीज असला तरी चूल पेटवणारी स्त्री या मातीतील होती, आणि तिच्या मदतीस असलेले दास-दासी आफ्रिकेपासून मलाक्क्यापर्यंतच्या निरनिराळ्या प्रदेशांतून आणलेले होते. पोर्तुगीज पदार्थाचे नाव घरधन्याच्या तोंडी आले; तो पदार्थ प्रत्यक्ष उतरला तो दुसऱ्याच्या हातून.

१५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्स्खोतेन आपल्या वृत्तांतात तेथील डुकराच्या मांसाची विशेष प्रशंसा करतो. आजाऱ्यांस बकऱ्याच्या मांसापेक्षा हे मांस देणे तेथे पसंत केले जाई, असे तो नोंदवतो. विजयानंतर जेमतेम पाऊण शतकात हे मांस गोव्याच्या घरगुती जीवनात किती रुळले होते, ते यावरून दिसते.

३

परंतु वराहमांसाचा गोव्यातील इतिहास केवळ रुचीचा इतिहास नाही, आणि या ठिकाणी विषयाला एक काळी किनार आहे. इबेरियन द्वीपकल्पात ज्यू व मुसलमान यांचे सक्तीने धर्मांतर झाल्यावर हे ‘नवे ख्रिस्ती’ मनाने खरोखरच ख्रिस्ती झाले आहेत की नाहीत, याची चौकशी करण्यासाठी इन्क्विझिशनची न्यायासने उभी राहिली. जुन्या धर्माची जी लक्षणे शोधली जात, त्यांत डुकराचे मांस न खाणे हे एक ठळक लक्षण होते. ताटातील एक घास निष्ठेचा पुरावा ठरला.

हेच न्यायासन १५६० साली गोव्यात स्थापन झाले. १७७४ ते १७७८ एवढा खंड वगळता ते १८१२ पर्यंत टिकले. त्याच्या छायेत कोणते आयुष्य जगावे लागे, याचे उदाहरण म्हणून गार्सिया द ओर्ता याचे नाव घेता येईल. हा नव्या ख्रिस्त्यांच्या कुळातील वैद्य. हिंदुस्थानातील वनस्पती व औषधे यांवरील त्याचा संवादात्मक ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला, आणि नारळाच्या झाडाचे व त्याच्या सुरेचे जुने महत्त्वाचे वर्णन त्यात आहे. १५६८ साली तो मरण पावला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला जाळण्यात आले, आणि १५८० साली खुद्द त्याच्या अस्थी उकरून काढून जाळण्यात आल्या. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याचा हा आरोप होता.

स्थानिक हिंदूंतून धर्मांतरित झालेल्यांच्या बाबतीत ही नजर स्वयंपाकघरात आणखी खोल गेली. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या गोव्याच्या इन्क्विझिशनवरील ग्रंथात १७३६ च्या जाहीरनाम्याचा परिचय करून दिला आहे. हिंदूंच्या रीतीप्रमाणे भात अळणी शिजवून मीठ मागाहून घालणे हेही त्यात निषिद्ध ठरवले होते. मीठ भाताच्या आधणात पडते की पानात, यावरून माणसाचा धर्म ओळखणाऱ्या सत्तेच्या काळात ताटात डुकराचे मांस असणे ही निर्हेतुक गोष्ट राहू शकत नव्हती. ते घर ख्रिस्ती आहे हे सांगणारी ती खूण होती. शेजारच्या हिंदू घरापासून व मुसलमान घरापासूनही त्या घराला वेगळे करणारी ही खूण होती. लादणुकीचे मत मांडणाऱ्यांची बाजू येथे भक्कम आहे, आणि ती दृष्टिआड करून चालणार नाही.

मात्र या पुराव्याची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. जाहीरनामा काय करू नये ते सांगतो. मांसात काय घालावे, ते कशात मुरवावे, किती वेळ झाकून ठेवावे, हे कोणतेही न्यायासन सांगत नाही. भीतीने मांस ताटात येऊ शकते. भीतीने त्याला चव येत नाही. ती चव कोठून आली हे पाहण्यासाठी नावांकडे वळावे लागते.

४

‘विंदालू’ या शब्दाचे मूळ ‘व्हिन्या-दाल्यूश’ हा पोर्तुगीज शब्दप्रयोग होय. त्यात द्राक्षाची दारू आणि लसूण हे दोन घटक आहेत. मुळात हे पदार्थाचे नाव नसून मांस टिकवण्यासाठी ते ज्या द्रवात मुरवीत त्या द्रवाचे नाव आहे. मादेइरा बेटावर याच नावाचे डुकराचे मांस नाताळात शिजवण्याची परंपरा आहे : दारू किंवा शिरका, लसूण व तमालपत्र यांत ते काही दिवस मुरते आणि मग परतले जाते.

ध्वनींचा विचार करता मूळ शब्दातील तालव्य अनुनासिक ‘ञ’ हा पुढील ‘द’काराच्या संगतीने दंत्य ‘न’ झाला आणि मधला दुर्बल स्वर गळून ‘विन्द-’ हे रूप सिद्ध झाले. ही घडण नावातील अर्थालाही लागू पडते. गोव्यातील बोलणाऱ्यास या शब्दात ‘दारू’ आणि ‘लसूण’ असे दोन अवयव ऐकू येत नाहीत. त्याला एकच अखंड नाव ऐकू येते. अवयव विसरले गेल्यामुळे आतील पदार्थ बदलण्यास नावाची आडकाठी उरली नाही, आणि ते बदललेही.

पहिला बदल आंबटाचा. द्राक्षाची दारू जहाजातून येई, ती महाग होती. माड मात्र दारातच उभा होता. रेंदेर सकाळ-संध्याकाळ जी सूर उतरवतो, ती मडक्यात ठेवली की प्रथम आंबते व पुढे हवेच्या संयोगाने तिच्यातील मद्यांशाचे अम्ल बनते. लिन्स्खोतेनच्या वृत्तांतातही सुरेपासून होणाऱ्या या शिरक्याचा उल्लेख आहे. कोकणीत त्यास ‘विनाग्र’ म्हणतात. शब्द पोर्तुगीज, वस्तू माडाची. गोव्यातील हिंदू स्वयंपाकघरात आंबटासाठी आमसूल, चिंच, बिंबल, आंबाडा यांची योजना होते. विनाग्र ही मुख्यतः ख्रिस्ती स्वयंपाकघराची खूण राहिली.

दुसरा बदल तिखटाचा. मिरची ही अमेरिकेतील वनस्पती. सोळाव्या शतकात ती पोर्तुगीजांच्या द्वारा या किनाऱ्यास लागली. परंतु तिला जे नाव मिळाले ते पोर्तुगीज नव्हे. मराठीने जुन्या ‘मिरी’वरून ‘मिरची’ हा शब्द घडवला. कोकणीने ‘मिरी’ आणि शेंग या अर्थाचा ‘सांग’ यांचा समास करून ‘मिरसांग’ असे म्हटले. येथे स्थिती नेमकी उलट झाली : वस्तू परकी, शब्द घरचा. विंदालूच्या एकाच भांड्यात या दोन्ही प्रक्रिया शेजारी शेजारी शिजताना दिसतात. पोर्तुगीज नावाच्या आत माडाचे आंबट आहे आणि देशी नावाच्या आत अमेरिकेचे तिखट आहे. या वाटणाला जिरे, हळद, मिरी, दालचिनी, लवंग यांची जोड मिळाली, आणि सर्व जिन्नस विनाग्रात वाटण्याची रीत रूढ झाली. पाणी घालून वाटलेला मसाला लवकर बिघडतो. विनाग्रात वाटलेला टिकतो. मुरवण्याच्या मूळ द्रवाचे कार्य अशा रीतीने मसाल्यानेच उचलले.

५

‘सरपतेल’ या नावाची कथा निराळी आहे. पोर्तुगालच्या आलेन्तेझू प्रांतात ‘सारापातेल’ हा कोकराच्या किंवा करडाच्या आतील अवयवांचा व रक्ताचा पदार्थ असून तो ईस्टरच्या सणाशी निगडित आहे. गोव्यात कोकराची जागा डुकराने घेतली आणि ईस्टरऐवजी नाताळ, लग्न व गावची फेस्त हे त्याचे मुख्य प्रसंग झाले. ईशान्य ब्राझीलमध्येही हेच नाव डुकराच्या अवयवांच्या कालवणास लागते. अर्थात हे स्थित्यंतर एकट्या गोव्याचे नव्हे. साम्राज्याच्या दोन टोकांना ते झालेले दिसते.

या पदार्थाच्या नावाचे एक लेखन विशेष विचारार्ह आहे. रोमन लिपीत ते ओकारयुक्त लिहिले जाते, आणि इंग्रजी वाचणारे त्याचा उच्चार ‘सॉरपोटेल’ असा करतात. वस्तुतः रोमन लिपीतील कोकणीत ऱ्हस्व ‘अ’ हा स्वर ‘ओ’च्या अक्षराने दाखवण्याची रूढी आहे, ‘देव बरें करूं’ हे उपकारवचन त्या लिपीत लिहिताना ‘बरें’ व ‘करूं’ यांतील अकार याच अक्षराने दाखवला जातो. तेव्हा त्या लेखनात दिसणारे ‘ओ’ हे ओकार नसून कोकणी अकारच होत. मूळ पोर्तुगीज शब्दातील अनाघात ‘आ’ ऱ्हस्व झाले, दुसरे अक्षर ‘उलटा’चे ‘उल्टा’ व्हावे तसे हलन्त झाले, आणि ‘सरपतेल’ हे अगदी देशी वळणाचे रूप तयार झाले. लेखनाच्या एका रूढीचा अर्थ न कळल्यामुळे घरगुती शब्द पुन्हा परका वाटू लागावा, हा या नावाच्या वाट्याला आलेला योगायोग आहे.

या पदार्थाचा घरगुती हिशेबही पाहण्यासारखा आहे. घरी पोसलेले डूकर सणासाठी मारले की सर्व मांस एकाच दिवशी हाती येते. त्यातील रक्त, काळीज, यकृत हे भाग आधी नासतात. म्हणून ते आधी शिजवावे लागतात. मांस व अवयव अर्धे उकडून, निवल्यावर त्यांचे अगदी बारीक चौकोनी तुकडे करतात. ते त्यांच्याच चरबीत परततात आणि विनाग्रात वाटलेला मसाला घालून मंद आचेवर शिजवतात. सणाच्या दोन-तीन दिवस आधी हे काम होते आणि रोज एकदा कालवण ऊन करून पुन्हा झाकून ठेवतात. शिरक्यातील अम्लामुळे सूक्ष्म जंतूंची वाढ मंदावते व दरम्यान मसाला मांसात उतरतो. त्यामुळे तिसऱ्या दिवशीचे सरपतेल पहिल्या दिवशीपेक्षा सरस लागते. सोबत सुरेने फुगवलेले तांदळाचे सान्ना असतात. माडाची एकच सूर अशा रीतीने कालवणात शिरका होऊन येते व सान्नात खमीर होऊन येते. उरलेल्या मांसाचे मीठ, मिरसांग व विनाग्र लावून आतड्यांत भरलेले ‘चोरीस’ होत. ते उन्हात व धुरात वाळवून पावसाळ्याच्या बेगमीस ठेवतात. या ‘चोरीस’मधील ‘च’ ध्यानात घेण्याजोगा आहे. पोर्तुगीज प्रमाणभाषेत या ध्वनीचा उच्चार मागाहून ‘श’ झाला. ‘चोरीस’, ‘चावी’ यांसारख्या शब्दांत त्याची जुनी अवस्था टिकली आहे. उत्तर पोर्तुगालच्या बोलींत ‘च’ आजही ऐकू येत असल्याने एवढ्यावरून काळाचा निश्चित निर्णय करता येत नाही. पण शब्द जुना असल्याकडे हे लक्षण झुकते.

तिसरे नाव ‘बाफाद’. पोर्तुगीज ‘आबाफादु’ याचा अर्थ झाकून, कोंडून शिजवलेले. आद्य अनाघात स्वर व अन्त्य स्वर गळून हे रूप झाले. ‘प्रातु’चे ‘परात’ आणि ‘त्रोंकु’चे ‘तुरुंग’ होताना अन्त्य स्वर असाच गेला आहे. गोव्यातून दक्षिणेकडे कानडा मुलुखात स्थलांतरित झालेल्या कोकणी ख्रिस्त्यांनी हा शब्द बरोबर नेला आणि मंगळुरात ‘बाफात’ या रूपाने तो डुकराच्या मांसाच्या कालवणाचे व त्यासाठी लागणाऱ्या कुटलेल्या मसाल्याचेही नाव बनला. मराठी ‘वाफ’, गुजराती ‘बाफ’ यांच्याशी या शब्दाचे ध्वनिसाम्य पाहून तो संस्कृत ‘बाष्प’पासून आला असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. पोर्तुगीज ‘बाफु’, म्हणजे श्वास किंवा वाफ, या शब्दाचे कूळ वेगळे आहे. परंतु व्युत्पत्ती वेगळी असली तरी ऐकणाऱ्या कानाला दोन्ही शब्द शेजारी वाटले असल्यास आश्चर्य नाही; परका शब्द घरात रुळण्यास असे योगायोगाचे शेजार पुष्कळदा उपकारक ठरते.

या तीन नावांबरोबर त्याच चुलीवरील दोन देशी नावे ठेवून पाहावीत. ‘सोलांतुलें’ म्हणजे सोलांतले, आमसुलात शिजवलेले डुकराचे मांस. आणि ‘आड-मास’ म्हणजे हाडे व मांस, ज्यात ‘हाड’मधील हकार ख्रिस्ती बोलीच्या रीतीप्रमाणे लोपला आहे. येथे मांस तेच, घर तेच, परंतु नावही देशी आणि आंबटही हिंदू शेजाऱ्याच्या घरातलेच. ज्या न्यायासनाने मिठाच्या वेळेवरून धर्म ओळखला, त्याला आमसूल घातलेल्या वराहमांसाचे वर्गीकरण कसे करता आले असते? एकाच घासात ते ख्रिस्तीपणाची खूण आहे आणि पूर्वापार कोकणी चवीचीही.

६

या सर्व नावांमध्ये सर्वांत बोलका पुरावा वसई-साष्टीकडील आहे. गुजरातच्या बहादुरशहाकडून वसईचा मुलूख १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. या प्रदेशातील व मुंबई बेटावरील मराठीभाषी ख्रिस्त्यांनी १८८७ पासून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. त्यांच्या घरी विंदालूच्या कुळातील जे कालवण होते, त्यास ते ‘इंद्याल’ म्हणतात.

‘विंदाल्यु’ आणि ‘इंद्याल’ यांतील अंतर प्रथमदर्शनी मोठे वाटते. ते दोन पायऱ्यांत उलगडते. मूळ शब्दाच्या शेवटी तालव्य ‘ल’ होता. त्यातील यकारसदृश अंश मागील अक्षराकडे सरकून ‘दाल्य’चे ‘द्याल’ झाले. हा वर्णविपर्ययाचा प्रकार होय. दुसरी पायरी आद्य वकाराच्या लोपाची. मराठीच्या अनेक बोलींत इकारापूर्वीचा आद्य ‘व’ लोप पावतो : ‘विंचू’चे ‘इंचू’, ‘विस्तव’चे ‘इस्तव’, ‘विचार’चे ‘इचार’, ‘विळा’चे ‘इळा’. ‘विंद्याल’चे ‘इंद्याल’ हे अगदी याच नियमाने झाले आहे.

या घटनेचा अर्थ बारकाईने पाहिला पाहिजे. बोलीचा ध्वनिनियम शब्दाचे कूळ विचारीत नाही. पण शब्द बोलीच्या नित्य व्यवहारात असल्याशिवाय तो त्याला लागूही पडत नाही. जो शब्द केवळ प्रतिष्ठेखातर उच्चारला जातो, त्याचा उच्चार जपला जातो. जो शब्द चुलीजवळ, घाईत, लहान मुलांशी बोलताना उच्चारला जातो, तो झिजतो आणि घरच्या शब्दांसारखाच झिजतो. ‘इंद्याल’ हा शब्द विंचवाच्या आणि विस्तवाच्या पंक्तीस बसला, याचाच अर्थ तो मराठी झाला.

गोव्यात मात्र ‘वि’ टिकला. यामागील कारण राजकीय इतिहासात सापडते. गोव्यात पोर्तुगीज सत्ता १९६१ पर्यंत राहिली. शाळा, चर्च व कचेरी यांतून मूळ लिखित रूप बोलीच्या शेजारी सतत उभे होते आणि तिला सावरीत होते. वसईत १७३९ नंतर हा आधार तुटला. शब्द एकटा बोलीच्या स्वाधीन झाला. किल्ला पडला, राज्य गेले, राज्यकर्त्यांची भाषा गेली. कालवण राहिले, आणि त्याचे नाव पुढची दोन-अडीच शतके मराठीच्या नियमांनी चालत राहिले. केवळ सत्तेने लादलेली वस्तू सत्तेबरोबर जाते. ही गेली नाही. लादणुकीच्या मताला याहून स्पष्ट उत्तर दप्तरातून मिळणे कठीण आहे.

७

घर सुटल्यावर नावाचे काय होते, हेही पाहणे उपयुक्त आहे. एकोणिसाव्या शतकात गोव्याचे आचारी इंग्रजांच्या घरी व जहाजांवर मोठ्या संख्येने कामास होते, आणि हा पदार्थ इंग्रजांच्या हिंदुस्थानी मेजवानीत शिरला. कलकत्त्यास १८८० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी पाकपुस्तकात ‘विंदालू किंवा बिंदालू’ असे दुहेरी नाव देऊन तो पोर्तुगीज प्रकार असल्याचे म्हटले आहे. ‘व’चा ‘ब’ हा बंगालच्या उच्चाराचा परिणाम होय. त्यात शिरका आहे, मांस आहे, बटाटा नाही.

बटाटा मागाहून आला, आणि तो नावाच्या दारातून आला. विलायतेतील व अन्यत्रच्या हिंदुस्थानी खाणावळींत शेवटच्या ‘आलू’ला हिंदीतील आलू समजून कालवणात बटाटे पडू लागले. लसणासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दाचा अशा रीतीने कंद बदलला. मराठीत हा घोटाळा आतून उद्भवणे शक्यच नव्हते. कारण मराठी माणसाच्या लेखी ‘आलू’ हा बटाटा नव्हे, आणि त्याचा ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेला आहे. खाणावळीतील विंदालू पुढे केवळ तिखटाच्या मात्रेचे नाव बनले. मुरवणे, आंबट आणि डुकराचे मांस, तिन्ही मागे पडली.

याच्या शेजारी आणखी एक उदाहरण ठेवता येते. १८३५ पासून मादेइराचे मजूर ब्रिटिश गयानात गेले. त्यांनीही आपले मुरवलेले डुकराचे मांस बरोबर नेले आणि तेथे ते आजही नाताळात होते. परंतु त्याचे नाव ‘गार्लिक पोर्क’ असे इंग्रजीत भाषांतरित झाले. एकाच पदार्थाच्या तीन गती येथे दिसतात. गयानात नावाचे भाषांतर झाले व पदार्थ टिकला. खाणावळीत नाव टिकले व पदार्थ हरवला. कोकणात नाव आणि पदार्थ दोन्ही बदलले, आणि बदलत बदलत घरचे झाले.

८

आरंभी उल्लेखिलेल्या गृहीताकडे आता वळता येईल. नाव परके म्हणून वस्तू परकी, हा निष्कर्ष टिकत नाही. कारण नावही परके राहिलेले नाही. आणि वारसा लाभला म्हणावे, तर जो लाभला त्यातील दारू, तमालपत्र, कोकरू आणि ईस्टर यांपैकी जवळजवळ काहीच शिल्लक नाही. जे आहे ते माडाच्या सुरेचे, मिरसांगेचे, आमसुलाचे आणि बोलीच्या उच्चारांचे आहे.

यावरून धर्मांतराच्या इतिहासातील जुलूम सौम्य होत नाही. ओर्ताच्या अस्थी जाळल्या गेल्या आणि भाताच्या मिठावर पहारा बसला, या घटना जशाच्या तशा उभ्या आहेत. शब्दाची साक्ष एवढेच सांगते की पहाऱ्याखालीही स्वयंपाकघरात निर्णय घेतले जात होते. कोणत्या आंबटात मांस मुरवायचे, ते सणाच्या किती दिवस आधी चढवायचे, त्याला काय म्हणायचे, हे निर्णय ज्या स्त्रियांनी घेतले त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. त्यांच्यावरील सत्तेने आपली दप्तरे मागे ठेवली. त्यांनी मागे ठेवलेला लेख एका शब्दाचा आहे, आणि त्या शब्दाच्या आरंभीचा ‘व’ विंचवाच्या वकाराबरोबरच गळलेला आहे.